दादोबा पांडुरंग तर्खडकर

दादोबा पांडुरंग तर्खडकर (९ मे १८१४ - १७ ऑक्टोबर १८८२) हे मराठी व्याकरणकार, शिक्षक, ग्रंथकार आणि धर्मसुधारक होते. इ.स. १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्र भाषेचे व्याकरण या ग्रंथामुळे ते मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ओळखले जातात. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मराठी तरुणांच्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास करून त्यांनी मराठी व्याकरणाची मांडणी केली. पुढे याच मांडणीतील कर्ता, कर्म, क्रियापद, विभक्ती, प्रयोग या संज्ञांच्या आधारे मराठी मुले इंग्रजी वाक्यरचना शिकू लागली. सुरतेची मानवधर्म सभा आणि मुंबईची परमहंस सभा या दोन्ही सुधारक संस्थांच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता.

कुटुंब आणि बालपण

दादोबांचा जन्म मुंबईत एका वैश्य कुटुंबात झाला. वडिलांचे नाव पांडुरंग व आईचे यशोदाबाई. तर्खडकर हे आडनाव वसईजवळच्या तर्खड या गावावरून आले. दादोबांचे दोन धाकटे बंधूही मुंबईच्या सार्वजनिक जीवनात नावाजले. भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली बाँबे गॅझेट या इंग्रजी वृत्तपत्रात टोपणनावाने पत्रे लिहून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर कठोर टीका केली. डॉ. आत्माराम पांडुरंग हे वैद्यकीय व्यवसायात होते. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे ते संस्थापक होत. पुढे या समाजाचे मंदिर गिरगावात उभे राहिले आणि त्या भागाला आजही प्रार्थना समाज याच नावाने ओळखले जाते.

दादोबांच्या बालपणी मुंबईत मराठी मुलांचे प्राथमिक शिक्षण पंतोजींच्या खासगी शाळांत होत असे. तेथे अक्षरओळख, मोडी वाचन-लेखन, पाढे आणि हिशेब यांवर भर असे. भाषेचे व्याकरण हा विषय या शाळांत नव्हता. व्याकरण म्हणजे संस्कृतचे, आणि ते शास्त्र्यांनी पाठशाळेत शिकायचे, अशी सर्वसाधारण समजूत होती.

इंग्रजी शिक्षण

पंतोजींच्या शाळेनंतर दादोबा बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत दाखल झाले. या संस्थेने मुंबई इलाख्यात इंग्रजी व देशी भाषांतील शिक्षण सुरू केले होते आणि तिच्यासाठी शालोपयोगी पुस्तकेही तयार करून घेतली जात होती. नव्या शिक्षणक्रमात इंग्रजी व्याकरणाला मोठे स्थान होते.

त्या काळी इंग्रजी शाळांत लिंडली मरे या अमेरिकेत जन्मलेल्या व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या लेखकाचे व्याकरण सर्वत्र वापरले जाई. १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात वर्ण, शब्द, वाक्यरचना आणि छंद असे चार भाग होते. वाक्यरचनेच्या भागात बावीस नियम क्रमाने दिलेले होते. क्रियापद हे वचन व पुरुष यांबाबत कर्त्याप्रमाणे चालते, हा त्यांतील पहिला नियम होता. मरे यांनी १७९७ साली या व्याकरणाला जोडून स्वाध्यायाचे स्वतंत्र पुस्तकही काढले. त्यात मुद्दाम चुकीची वाक्ये दिली होती. विद्यार्थ्याने चूक शोधायची, वाक्य दुरुस्त करायचे आणि कोणत्या नियमाचा भंग झाला ते ओळखायचे, अशी ही पद्धत होती. आजच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकांतील चुका दुरुस्त करण्याचे प्रश्न याच प्रकारचे असतात.

परकी भाषा अशा रीतीने नियमांतून शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे स्वभाषेचा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक होते. इंग्रजी वाक्य चुकले तर ते का चुकले हे पुस्तक उघडून दाखवता येत होते. मराठी वाक्य चुकले तर मात्र कानाला खटकते यापलीकडे कारण देता येत नव्हते. मराठी ही घरात व बाजारात सहज येणारी भाषा असल्यामुळे तिला वेगळ्या व्याकरणाची गरज नाही, असे मानणाऱ्यांची संख्याही मोठी होती.

महाराष्ट्र भाषेचे व्याकरण

मराठीच्या व्याकरणाचे काही प्रयत्न दादोबांपूर्वी झाले होते. विल्यम केरी यांनी १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. परंतु ते इंग्रजीत होते आणि मराठी शिकू पाहणाऱ्या युरोपियनांसाठी होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ साली आला आणि मराठी शब्दसंग्रह प्रथमच विस्ताराने नोंदला गेला. मराठी भाषकांनी मराठीतून वाचावे असे छापील व्याकरण मात्र उपलब्ध नव्हते. ही उणीव १८३६ साली भरून निघाली. त्या वर्षी दादोबांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. बाळशास्त्री जांभेकर आणि गंगाधरशास्त्री फडके यांची व्याकरणविषयक पुस्तकेही त्याच सुमारास निघाली. या सर्वांत दादोबांचे पुस्तक अधिक काळ टिकले आणि शाळांत अधिक रुजले.

दादोबांनी ग्रंथाची आखणी मरे यांच्या व्याकरणाच्या धर्तीवर केली. शब्दांच्या जाती इंग्रजीच्या पद्धतीने पाडल्या. विभक्ती, समास, संधी इत्यादी विषयांत संस्कृत व्याकरणाची परिभाषा स्वीकारली. आणि उदाहरणे मात्र चालू मराठीतून घेतली. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अव्यय ही आठ जातींची व्यवस्था मराठी शाळांत रूढ होण्यास हा ग्रंथ मुख्यतः कारणीभूत ठरला.

इंग्रजी साचा जसाच्या तसा मराठीला लागू पडणारा नव्हता. मरे यांनी शब्दांच्या नऊ जाती मानल्या होत्या. त्यांतील उपपद, म्हणजे नामापूर्वी येणारे अ, अ‍ॅन, द हे शब्द, मराठीत नाहीत. म्हणून ती जात वगळावी लागली. इंग्रजीत नामापूर्वी येणारे संबंधदर्शक शब्द मराठीत नामानंतर जोडून येतात. म्हणून त्यांच्यासाठी शब्दयोगी अव्यय ही संज्ञा वापरात आली. क्रियापद नेहमी कर्त्याप्रमाणे चालते हा मरे यांचा पहिला नियमच मराठीत मोडतो. मुलाने आंबा खाल्ला, मुलाने चिंच खाल्ली, या वाक्यांत कर्ता तोच राहूनही क्रियापद बदलते, कारण ते कर्मानुसार चालते. असे प्रकार स्पष्ट करण्यासाठी कर्तरी, कर्मणी आणि भावे या प्रयोगांचा विचार आवश्यक ठरला. मराठी व्याकरणकारांत पुढे सर्वाधिक वाद याच विषयावर झाले.

सुधारित आवृत्त्या आणि टीका

पहिल्या आवृत्तीतील उणिवा दादोबांच्या ध्यानात होत्या. १८५० साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ग्रंथाचे मोठ्या प्रमाणात पुनर्लेखन केले. त्यानंतरही आवृत्त्या निघत राहिल्या. शाळेतील लहान विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १८६५ मध्ये लघुव्याकरण तयार केले. व्याकरणातील अवघड विषयांची अधिक चर्चा करणारी मराठी व्याकरणाची पूरणिका १८८१ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाली. बाविसाव्या वर्षी हाती घेतलेला विषय त्यांनी अशा रीतीने अखेरपर्यंत सोडला नाही.

या ग्रंथावर टीकाही झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी शालापत्रक या मासिकातील निबंधांतून मराठी व्याकरणातील अनेक प्रश्नांची नव्याने चिकित्सा केली. कृष्णशास्त्री गोडबोले यांनी १८६७ साली स्वतंत्र व्याकरण लिहिले. मोरो केशव दामले यांनी १९११ मधील शास्त्रीय मराठी व्याकरण या बृहद्ग्रंथात आधीच्या व्याकरणकारांच्या मतांचा परामर्श घेतला. मराठीला इंग्रजीच्या चौकटीत बसवल्याचा आक्षेप दादोबांवर वारंवार घेण्यात आला. मात्र आक्षेप घेणाऱ्यांनाही चर्चेसाठी त्यांच्याच ग्रंथापासून आरंभ करावा लागला.

शिक्षकी व सरकारी सेवा

माळव्यातील जावरा संस्थानाच्या नबाबाचे शिक्षक म्हणून दादोबांनी काही काळ काम केले. मुंबईस परतल्यावर १८४० मध्ये ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक शिक्षक झाले. त्यानंतर त्यांची नेमणूक सुरत येथील सरकारी इंग्रजी शाळेत झाली. बाळशास्त्री जांभेकर यांचे मे १८४६ मध्ये निधन झाल्यावर मुंबईतील शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गाची जबाबदारी दादोबांकडे आली. खेड्यापाड्यांत जाऊन शिकवणारे मराठी शिक्षक या वर्गातून तयार होत. त्यामुळे नव्या व्याकरणाची परिभाषा शिक्षकांमार्फत शाळांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला झाला.

एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी १८४८ साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही संस्था काढली. देशी भाषांतून निबंधवाचन व व्याख्याने व्हावीत यासाठी तिच्या मराठी व गुजराती शाखा त्याच वर्षी सुरू झाल्या. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षपद दादोबांकडे होते. याच सोसायटीने १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात अशा शाळेला जागा दिली.

१८५२ मध्ये दादोबा शिक्षण खात्यातून महसूल खात्यात गेले आणि अहमदनगर येथे डेप्युटी कलेक्टर झाले. तेथे भिल्लांचा उठाव मोडून काढण्याच्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला.

धर्मसुधारणा

सुरत येथील वास्तव्यात दादोबांनी दुर्गाराम मंछाराम मेहता व इतर सहकाऱ्यांसह २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभेची स्थापना केली. दादोबा, दुर्गाराम, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास या पाच संस्थापकांची नावे एकाच अक्षराने सुरू होत असल्याने गुजरातच्या इतिहासात त्यांचा एकत्र उल्लेख केला जातो. जातिभेद, मूर्तिपूजा, भूतखेत व जादूटोणा यांवरील विश्वास यांना सभेचा विरोध होता. सभेत या विषयांवर उघड चर्चा होत असे.

मुंबईत परतल्यावर १८४९ साली परमहंस सभा स्थापन झाली. तिचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर होते आणि तिच्या विचारांमागे दादोबांची प्रेरणा होती. ईश्वर एक आणि मानवजात एक, ही सभेची मुख्य तत्त्वे होती. सभासद होणाऱ्याला जातिबंधन न मानण्याची प्रतिज्ञा करावी लागे आणि इतरांच्या हातचे अन्न व पाणी घेऊन ती सिद्ध करावी लागे. बहिष्काराच्या भीतीने सभेचे काम गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेल्याने नावे उघड होण्याचे संकट आले आणि सभा विस्कळीत झाली. तिच्यातील काही व्यक्तींनी पुढे प्रार्थना समाजात काम केले.

दादोबांनी १८४३ च्या सुमारास लिहिलेला धर्मविवेचन हा ग्रंथ सभेच्या विचारांचा आधार होता. तो १८६८ साली एक जगद्वासी आर्य या टोपणनावाने छापण्यात आला. व्याकरणाच्या ग्रंथावर आपले नाव घालणाऱ्या लेखकाला धर्मावरील ग्रंथ पंचवीस वर्षे अप्रकाशित ठेवावा लागला आणि त्यानंतरही तो नावाविना काढावा लागला. भाषेतील रूढी तपासणे आणि समाजातील रूढी तपासणे यांची किंमत त्या काळी किती वेगळी होती, हे यावरून दिसते. जाहीर बंडाऐवजी गुप्ततेचा मार्ग स्वीकारल्याबद्दल परमहंस सभेच्या सुधारकांवर नंतरच्या काळात टीकाही झाली.

इतर लेखन

विधवांच्या पुनर्विवाहाचे समर्थन करणारे विधवाश्रुमार्जन हे पुस्तक दादोबांनी लिहिले. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी यशोदापांडुरंगी ही टीका १८६५ मध्ये प्रसिद्ध केली. तिला त्यांनी आपल्या आई-वडिलांचे नाव दिले. स्वीडनमधील तत्त्वचिंतक स्वीडनबॉर्ग यांच्या धर्मविचारांवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८७८ साली लंडन येथे निघाले. मरे यांच्या पुस्तकावरून इंग्रजी शिकलेल्या पिढीतील लेखकाने इंग्रजी वाचकांसाठी केलेले हे स्वतंत्र लेखन होय.

त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र १८४६ पर्यंतच्या काळापुरते आहे. अ. का. प्रियोळकर यांनी ते संपादित करून दादोबांच्या चरित्रासह १९४७ साली प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबईतील शाळा, शिक्षक आणि कौटुंबिक जीवन यांच्या अभ्यासासाठी ते महत्त्वाचे साधन मानले जाते.

इंग्रजी वाक्यरचनेच्या अभ्यासातील महत्त्व

दादोबांनी रूढ केलेल्या मांडणीमुळे मराठी व इंग्रजी वाक्ये एकाच परिभाषेत शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले. मराठी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात आणि परीक्षेतील उत्तरांत वारंवार आढळणाऱ्या अनेक चुका या तुलनेतून समजतात. त्या बहुधा मराठीचा नियम इंग्रजीत नेल्यामुळे होतात.

कर्ता आणि क्रियापद: मराठीत विभक्तीच्या प्रत्ययावरून कर्ता ओळखता येतो. पुस्तकांची यादी टेबलावर आहे, या वाक्यात पुस्तकांची या शब्दाला षष्ठीचा प्रत्यय असल्याने यादी हाच कर्ता हे कळते. इंग्रजीत यादीनंतर पुस्तके हा अनेकवचनी शब्द येतो आणि लगेच क्रियापद येते. त्यामुळे इज ऐवजी आर लिहिण्याची चूक होते. मुख्य कर्ता आधी शोधून क्रियापद त्याच्याशी जुळवणे हा यावरील उपाय होय. साध्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता असल्यास क्रियापदाला लागणारा एस विसरला जातो, तोही याच नियमाचा भाग आहे.

शब्दांचा क्रम: शिकाऱ्याने वाघाला मारले आणि वाघाला शिकाऱ्याने मारले, या दोन्ही मराठी वाक्यांचा अर्थ एकच आहे. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नसल्याने कर्ता क्रियापदाच्या आधी आणि कर्म नंतर येते. दोन नामांची जागा बदलली तर वाघाने शिकाऱ्याला मारले, असा उलटा अर्थ होतो.

अध्याहृत कर्ता: मराठीत उद्या येतो एवढे म्हटले तरी वाक्य पूर्ण होते, कारण क्रियापदाच्या रूपावरून व संदर्भावरून कर्ता कळतो. इंग्रजी विधानात कर्ता लिहावाच लागतो. पाऊस पडत आहे अशा अर्थाच्या वाक्यात कोणी कर्ता नसला तरी इट हा शब्द घालून ती जागा भरली जाते.

उपपद: मराठीत ही जात नसल्याने अ, अ‍ॅन, द हे शब्द लिहायचे राहून जातात किंवा अनावश्यक ठिकाणी येतात. मोजता येणारे एकवचनी सामान्यनाम सहसा उपपदाशिवाय किंवा त्याच्या जागी येणाऱ्या अन्य शब्दाशिवाय वापरले जात नाही, हे लक्षात ठेवल्यास बऱ्याच चुका टळतात.

उभयान्वयी अव्यये: मराठीत जरी आणि तरी, जेव्हा आणि तेव्हा, अशी जोडी येते. तीच सवय इंग्रजीत गेल्यामुळे ऑल्दो ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे बट लिहिले जाते. इंग्रजीत दोन उपवाक्ये जोडण्यासाठी यांपैकी एकच शब्द पुरतो.

वाक्याचा शेवट: जुन्या मोडी व पोथीलेखनात आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. मेजर टॉमस कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर मराठी पुस्तक लिहिले आणि इंग्रजी चिन्हे मराठीत रुळू लागली. इंग्रजी लेखनात दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे चूक मानले जाते. तेथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा उभयान्वयी अव्यय आवश्यक असते.

निधन आणि वारसा

दादोबांचे निधन १७ ऑक्टोबर १८८२ रोजी झाले. त्यांच्या कुटुंबाचा इंग्रजी शिक्षणाशी असलेला संबंध पुढच्या पिढीतही टिकला. १८७८ साली इंग्लंडला जाण्यापूर्वी रवींद्रनाथ ठाकूर इंग्रजी संभाषणाचा सराव करण्यासाठी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले होते. इंग्लंडहून परतलेल्या अन्नपूर्णा ऊर्फ आना, या आत्मारामांच्या कन्येने त्यांना इंग्रजी शिकवले.

दादोबांच्या अनेक व्याख्या पुढील व्याकरणकारांनी बदलल्या आणि त्यांच्या काही वर्गीकरणांवर आजही मतभेद आहेत. त्यांनी स्वतःही आपल्या ग्रंथात वेळोवेळी दुरुस्ती केली. तथापि, चुकीचे वाक्य केवळ थोरांनी सांगितले म्हणून चुकीचे ठरत नाही. त्यात कोणता नियम मोडला हे दाखवावे लागते, ही दृष्टी त्यांच्या व्याकरणामुळे मराठी शाळेत रुजली. मराठी विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला वाक्यातील कर्ता व क्रियापद शोधतो, तेव्हा तो १८३६ पासून घडत आलेली हीच परिभाषा वापरत असतो.